खेळातली लढाई



टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाई खेळणे पाप आहे का? एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली अशा खेळाचे नियम सांगणारे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. खरे युद्ध केवढी घोडचूक असते, हे खेळणाऱ्याला उमजेल, असे त्यांना वाटे. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत एकाच दिवशी १९,००० हून अधिक ब्रिटिश सैनिक मेले.

खेळात पडलेला सैनिक आपण डब्यात ठेवतो. उद्या तो पुन्हा उभा राहतो. सोमला पडलेला मुलगा उठला नाही.

खेळणे पाप नव्हे, असे आम्हाला वाटते. मात्र युद्धाच्या बातम्या वाचताना मेलेली माणसे आपल्याला सोंगट्या वाटू लागली, तर दोष खेळाचा नाही, आपलाच.