नारू आणि तिमोर

नारू म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. पायविहिरीचे पाणी पोटात गेले की वर्षभराने पायाला फोड यायचा, त्यातून पांढरा दोऱ्यासारखा किडा डोके काढायचा. तो तुटू नये म्हणून काडीला रोज थोडाथोडा गुंडाळत आठवडेच्या आठवडे काढावे लागायचे. १९८६ मध्ये जगात याचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते; २०२४ मध्ये उरले अवघे १५. यावर लस नाही, औषध नाही. पाणी गाळून प्या, हे आफ्रिकेतल्या गावोगावी सांगत राहण्याचे काम जिमी कार्टर यांच्या संस्थेने पुढाकार घेऊन केले.

हेच कार्टर १९७७ ते १९८१ अमेरिकेचे अध्यक्ष होते. कॅम्प डेव्हिडला १३ दिवस ठाण मांडून त्यांनी इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांच्यात समझोता घडवला. इजिप्त-इस्रायल शांतता त्यातून आली. पण इंडोनेशियाने गिळलेल्या पूर्व तिमोरमध्ये माणसे उपासमारीने मरत होती, तेव्हाही मानवी हक्कांची भाषा बोलणाऱ्या या सरकारची शस्त्रे जकार्ताला जातच राहिली.

डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले, तेव्हा 'अध्यक्ष म्हणून बेताचे, माजी अध्यक्ष म्हणून थोर' असा निकाल अनेकांनी दिला. हा निकाल फार सोयीचा आहे. त्यात पुढचे पुण्य मागच्या पापातून वजा होते.

महाभारत ही वजाबाकी मान्य करत नाही. द्रोणाचार्यांशी केलेल्या एका कपटापायी धर्मराजालाही नरक पाहावा लागला. जन्मभराचा धर्म त्या वेळी आड आला नाही. कार्टर स्वतः श्रद्धाळू बाप्टिस्ट, चर्चमध्ये वर्षानुवर्षे रविवारचे वर्ग घेणारे. देवाच्या क्षमेवर त्यांचा विश्वास होता. ती त्यांना मिळालीही असेल. पण तिमोरमधल्या आईचे मूल गेले, त्याची माफी तिच्या वतीने दुसरे कोण देणार? नारूतून सुटलेला आफ्रिकेतला शेतकरी तर नाहीच नाही.

त्यांची सेवा दिखाऊ होती, असे मुळीच नाही. आई लिलियन साठी उलटल्यावर विक्रोळीत येऊन रुग्णसेवा करत होत्या. ते संस्कार घरातलेच. म्हणूनच कार्टर यांना दोन्ही गोष्टींसाठी जबाबदार धरले पाहिजे. नारूचे श्रेय पूर्ण द्यावे, आणि तिमोरचा दोष त्यांच्या नावावर तसाच राहू द्यावा.