अहिंसेची नेमणूक

ज्या गुणाला पतंजलींनी यमांच्या मालिकेत पहिले स्थान दिले, जैन विचाराने ज्याला धर्माचे सार मानले आणि ज्याच्या आधारावर या देशात एका बलाढ्य साम्राज्याशी झुंज दिली गेली, तो गुण शाळेच्या आवारात रुजविण्यासाठी दरमहा वेतनावर माणूस नेमता येईल काय? अमेरिकेतील शाळांत हिंसा-प्रतिबंधक तज्ज्ञ नावाचे पद आता रुळले आहे. आपल्याकडे ते त्या नावाने आलेले नसले, तरी त्याची चाहूल लागलेली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचार उघडकीस आल्यावर सरकारने कॅमेरे, तक्रारपेट्या, सखी सावित्री समित्या आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य-पडताळणी यांविषयीचे हुकूम नव्या निकडीने काढले. हे सर्व आवश्यकच होते. परंतु बंदोबस्त आणि अहिंसा या दोहोंमध्ये जे अंतर आहे, ते कोणत्याही परिपत्रकाने भरून निघत नाही. ते भरून काढण्यासाठी माणूस लागतो, आणि तो माणूस कोणत्या जातीचे काम करणार हा प्रश्न प्रशासनाचा कमी व धर्मविचाराचा अधिक आहे.

पतंजलींनी हिंसेचे तीन प्रकार सांगितले: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली, आणि दुसरा करीत असता मनोमन मान्य केलेली. योगसूत्रे मुख्याध्यापकांसाठी लिहिलेली नाहीत, हे मला ठाऊक आहे. तथापि शाळेतील हिंसेचे इतके नेमके पृथक्करण मला अन्यत्र आढळले नाही.

कोणत्याही शाळेची मधली सुट्टी घ्या. एका मुलाची चप्पल शौचालयाच्या पत्र्यावर भिरकावली जाते. भिरकावणारा एक, तत्पूर्वी ती हातोहात फिरविणारे तिघे-चौघे, आणि हसणारी सारी तुकडी. ज्याची चप्पल गेली तो तापलेल्या फरशीवर एक पाय उचलून उभा असतो आणि तोही हसत असतो, कारण न हसणे हा त्या क्षणी त्याचा दुसरा अपराध ठरेल याची त्याला पुरती जाणीव असते. गुरुजी येतात, विचारतात, आणि उत्तर ठरलेले असते: "मस्करी चालली होती, सर." त्यालाच विचारले तर तोही खालच्या मानेने तेच सांगतो. गुरुजी घंटेकडे पाहतात, चप्पल काढावयास शिपायाला पाठवितात आणि प्रकरण दप्तरी दाखल न होता निकालात निघते. यात कृत हिंसा केवढी? एका चप्पलेएवढी. मात्र अनुमोदित हिंसा साऱ्या तुकडीएवढी आहे, आणि उद्या त्या मुलाला शाळेत पाऊल टाकवत नाही ते त्या एका मुलाच्या भयाने नव्हे, त्या साऱ्यांच्या हसण्याच्या भयाने.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात क्रिस्तीना साल्मिवल्ली व त्यांचे सहकारी यांनी किवा नावाचा जो शालेय उपक्रम सिद्ध केला, तोही याच निष्कर्षावर उभा आहे, याचे मला नवल वाटते आणि वाटतही नाही. छळणारा मुलगा गटात प्रतिष्ठा मिळावी म्हणून छळतो. सबब बघ्यांनी ती प्रतिष्ठा नाकारली की त्याच्या कृत्याचे भांडवलच संपते, असा त्या उपक्रमाचा गाभा आहे. पतंजली व साल्मिवल्ली यांची गाठ घालून देण्याचा आग्रह मी धरणार नाही. प्राचीनांना सर्व काही आधीच ठाऊक होते असे म्हणण्याची आपल्याकडे जी खोड आहे, ती मला मुळीच मानवत नाही. एवढेच म्हणावयाचे की हिंसा-प्रतिबंधकाचे खरे कार्यक्षेत्र हे अनुमोदनाचे क्षेत्र आहे. मारणाऱ्याला शासन करण्यास नियम पुरतात. हसणाऱ्याला हसू आवरावेसे वाटणे, हे नियमांच्या हद्दीबाहेरचे काम आहे. तेथे कॅमेराही निरुपयोगी, कारण त्याच्या टप्प्याबाहेरची जागा मुलांना पहिल्याच दिवशी ठाऊक होते.

राहिली कारित हिंसा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध केला. पण "गुरुजी, बेशक मारा, पण पोराला वळण लावा" असे सांगणारा बाप अद्याप नाहीसा झालेला नाही. तो निर्दय नसतो, उलट त्याच्या बोलण्यात गुरूविषयी श्रद्धाच असते. परंतु त्याने दिलेला तो परवाना वर्गात बसलेले मूल ऐकते आणि बलवानाने दुर्बलाला मारणे हा हिताचाच एक प्रकार आहे, हा सिद्धान्त घेऊन मधल्या सुट्टीत बाहेर पडते.

हा विचार मी रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यातल्या जासईच्या संदर्भात करतो, त्याला कारण आहे. भातशेती व मिठागरे यांच्या मुलुखातील हे आगरी गाव आज न्हावा-शेवा बंदराकडे धावणाऱ्या ट्रेलरांच्या वाटेवर आहे, आणि या पट्ट्यातील वर्गांत प्रकल्पग्रस्ताचा मुलगा व परप्रांतातून आलेल्या वाहनचालकाचा मुलगा एकाच बाकावर बसतात. एकाच्या आगरी बोलीला हसले जाते, दुसऱ्याच्या हिंदीला. शिवाय या भूमीला हिंसेचा इतिहास आहे. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईत आणि दुसऱ्या दिवशी नवघर येथे, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्याकरिता दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या ठाकलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. हे जासईचेच. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची जी योजना पुढे आली, तिच्या मुळाशी हा लढा आहे. त्याहीपूर्वी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, याच उरण तालुक्यात चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्या दिवशी सत्याग्रहींबरोबर सरकारचे मामलेदारही प्राणास मुकले.

ज्या गावात दरसाल जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन केले जाते, त्या गावच्या मुलाला 'भांडू नका, शांत बसा' एवढेच सांगणारा तज्ज्ञ हास्यास्पद ठरेल. मूल विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की शांत बसणे हेच श्रेष्ठ असेल तर आमच्या आजोबांचा सत्कार कशासाठी? या प्रश्नाला उत्तर आहे. ते शेतकरी आपले गाऱ्हाणे भर रस्त्यावर, नावानिशी, आपल्याहून प्रबळ अशा सत्तेसमोर मांडीत होते. पत्र्यावर चप्पल फेकणाऱ्याचे काही गाऱ्हाणे नसते, आणि तो प्रबळाला नव्हे तर दुर्बळाला गाठतो. पण हे उत्तर त्यालाच शोभेल, ज्याने शाळेत गाऱ्हाणे मांडण्याची वाट खुली ठेवली आहे. ज्या शाळेतील तक्रारपेटीला कुलूप असते आणि किल्ली कोणाजवळ आहे हे कोणाला ठाऊक नसते, तेथील शांतता ही केवळ दडपलेली तक्रार होय. हिंसा-प्रतिबंधक हा मुलांना गप्प करणारा अधिकारी झाला, तर तो स्वतःच कारित हिंसेचा एक हस्तक बनेल. ते पद नसलेले बरे.

मग पगारी माणसाने करावे तरी काय? याच रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेना उभारली, तेव्हा पाच हजार लोकवस्तीमागे एक शांतिसैनिक अशी त्यांची कल्पना होती. दंगलीच्या दिवशी धावून येणारा म्हणून नव्हे, तर इतर सर्व दिवशी सेवा करणारा म्हणून तो लोकांच्या परिचयाचा असावा, म्हणजे कठीण प्रसंगी त्याच्या शब्दाला वजन राहील, ही त्यामागची मर्मदृष्टी होती. शांतिसेना देशभर पसरली नाही. कल्पना मात्र खोटी ठरलेली नाही. शाळेतील असा माणूस स्वतंत्र खोलीत नावाची पाटी लावून बसला, तर त्याच्याकडे फक्त पाठविलेली मुले येतील. त्याने मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी उभे राहावे, कबड्डीच्या डावात शिट्टी फुंकावी, आणि जो मुलगा हसला नाही त्याला नावाने ओळखावे. अहिंसेत स्थिर झालेल्या पुरुषाच्या सन्निध वैर गळून पडते असे पतंजली म्हणतात. एवढी सिद्धी नोकरदार माणसाकडे मागणे अन्यायाचे होईल, पण सन्निध असणे तरी त्याला जमले पाहिजे.

आणि त्याची नेमणूक झाली म्हणून इतरांची जबाबदारी संपली, असे कोणी समजू नये. भय आहे ते याचेच: 'ते काम त्या साहेबांचे' असे म्हणून शिक्षक आपल्या वर्गाचे दार लावून घेतील. ज्या कायद्याने छडी बंद केली, त्याच कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. तेव्हा विनंती आहे ती या पालकांनाच: पुढच्या सभेत कॅमेऱ्यांच्या देयकावर सही करण्यापूर्वी तक्रारपेटी मागवून घ्यावी, ती सर्वांदेखत उघडावी, आणि 'बेशक मारा' हा आपण दिलेला परवाना त्याच सभेत, इतिवृत्तात नोंद करून, परत घ्यावा.