वाचनाची तयारी घरातच

मूल तीन-चार वर्षांचं झालं, की घरोघरी 'अ' गिरवून घेण्याची घाई सुरू होते. पण वाचनाची तयारी अक्षरांच्या कितीतरी आधी, कानांपासून होते.

अशा तयारीचं एक जुनं उदाहरण पाहा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला, आणि पुढे कोसबाडला, बालशिक्षणाचं काम उभं केलं. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. गाणी, गोष्टी, पानं, बिया, शंख-शिंपले हेच तिथलं साहित्य. महागड्या साधनांवाचून मूल शिकतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

आपल्या स्वयंपाकघरातही हे जमतं. भाकरी थापता थापता विचारा, "'भा'नं सुरू होणारं इथे अजून काय आहे?" मूल शोधू लागतं: भात, भाजी, भांडं. शब्द आवाजांचे बनलेले असतात, हे त्याला तिथंच उमगतं. मटार सोलताना, कणकेचे गोळे करताना बोटांत पेन्सिल धरायचं बळ येतं. रात्री गोष्ट वाचताना ओळीखालून बोट फिरवा. मजकूर डावीकडून उजवीकडे जातो, हे न सांगता कळतं. मध्येच थांबून विचारा, "आता काय होईल रे?" तेच पुस्तक त्यानं पुन्हा मागितलं, तर कंटाळू नका. ओळखीच्या गोष्टीतच शब्द पक्के होतात.

घरात कुणाला वाचता येत नसलं, तरी आजीच्या गोष्टी आणि कोडी ही मोठी शिदोरी आहे. आज मोबाइल बाजूला ठेवून मुलासाठी दहा मिनिटं काढा आणि त्याच्याशी भरभरून बोला.