जो धुतो, त्यालाही धुवावं लागतं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏



भांडी धुण्याचं मशीन, म्हणजे डिशवॉशर, आपल्या खटकचिंचोळीत अजून फारसं दिसत नाही. पण हैदराबादला, पुण्याला राहणाऱ्या आपल्या लेकरांच्या ओट्याखाली ते आता आलेलं आहे. परवा सत्संगानंतर एका ताईंनी विचारलं, "सुनेच्या मशीनला वास सुटलाय, ग्लासांवर पांढरा थर बसतोय. ती म्हणते मशीन खराब, मी म्हणते आळसाचं फळ. दोघींत बोलणं बंद पडायची वेळ आलीय. काय करू?"

ताई, मशीनही खराब नाही आणि सूनही आळशी नाही. आधी मशीन समजून घेऊ, मग स्वतःकडे वळू.

या मशीनमध्ये गरम पाणी आणि साबण फिरत्या पंख्यांच्या बारीक भोकांतून जोरात उडतो. खाली आलेलं पाणी एका जाळीतून गाळून पुन्हा वर जातं. भाताची शितं, मोहरी, कोथिंबिरीची काडी, शेंगदाण्याचा कूट हे सगळं त्या जाळीत अडकतं. जाळी काढून धुतली नाही की तेच कुजतं, वास सुटतो, आणि तेच पाणी पुन्हा ताटांवर पडतं.

आता नीट बघा. *ती घाण मशीनची नाही.* मशीन काही जेवलेलं नाही! दुसऱ्यांची ताटं स्वच्छ करताना साचलेलं ते खरकटं आहे.

आपलंही असंच होतं. घरात सगळ्यांचं ऐकून घेणारी एक बाई असते. केंद्रात दुःख घेऊन येणाऱ्याचं ऐकणारा एक सेवेकरी असतो. दिवसभर दुसऱ्यांची मनं धुतली जातात, आणि संध्याकाळी सुनेनं साधं "भाजी काय करू?" विचारलं तरी आपला आवाज चढतो. तो राग सुनेवरचा नसतोच. तो जाळीत अडकलेला असतो. पण घाण दुसऱ्याची असली तरी वास आपल्यालाच सुटतो, म्हणून जाळी आपणच धुवायची. सद्गुरूंसमोर रात्री दहा मिनिटं शांत बसून "आज काय काय साचलं?" एवढं बघणं, हीच जाळी धुणं. सेवा खूप केली म्हणून याला सुट्टी नाही. उलट जितकी ताटं जास्त, तितकी जाळी लवकर भरते.

दुसरी गोष्ट पांढऱ्या थराची. बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. बऱ्याच मशीनमध्ये पाणी हलकं करायला बारीक मण्यांची एक डबी बसवलेली असते. ते मणी क्षार पकडून ठेवतात, आणि मीठ मिळालं की पुन्हा ताजे होतात. मीठ संपलं की मशीनवर दिवा लागतो. पण भांडी तर निघतायत ना, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. नामाचंही तसंच आहे. जगाचं पाणी जडच राहणार. ते हलकं करून घेण्याची ताकद रोजच्या नामानं टिकते. चिडचिड हा तो दिवा आहे, तो लागला की ओळखावं, मीठ संपलं. बिदरच्या नानक झिरा साहिबला आपण जातो. गुरु नानकांच्या चरणस्पर्शानं तिथं गोड पाण्याचा झरा फुटला अशी श्रद्धा आहे. गुरूचं काम हेच, आहे त्या जागीच पाणी गोड करणं.

आता आळसाचं. हे मशीन लोकांपुढे आणलं एका बाईनंच. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात ते मांडलं. त्याच वर्षी, त्याच शिकागोत स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलले. राजसूय यज्ञात भगवंतांनी उष्ट्या पत्रावळी उचलल्या, असं कीर्तनकार सांगतात. आपल्याच जिल्ह्यातल्या बसवकल्याणला बाराव्या शतकात मडिवाळ माचिदेव कपडे धुण्याचं काम करता करता शरण म्हणून वंदनीय झाले. यातून शिकायचं ते हे, की *कोणतंही काम हलकं नाही.* पण काम हातानंच केलं तर पुण्य, असं कुठं आहे? मशीननं वाचवलेला अर्धा तास सासू-सून एकत्र बसल्या तर ती सेवाच आहे.

*या आठवड्याचा नेम, मशीनसाठी:*
🔹 ताटातलं खरकटं आधी काढून टाका.
🔹 मशीन बंद करून आठवड्याला जाळी धुवा, दाराचं रबर पुसा.
🔹 पंख्यांची भोकं टाचणीनं मोकळी करा.
🔹 मीठ डिशवॉशरचंच घाला, जेवणातलं नको.
🔹 क्षारांसाठी मशीनच्या पुस्तकात सांगितलेलंच औषध वापरा. ब्लीच आणि आंबट पदार्थ कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.
🔹 देवाची तांब्या-पितळेची भांडी आणि लोखंडी तवा मशीनमध्ये नको. देवाच्या भांड्यांना चिंचच बरी. आपल्या गावाच्या नावातच चिंच आहे! चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळपट थर काढतं.

*आणि आपल्यासाठी:* झोपण्यापूर्वी दहा मिनिटं नाम. ज्या माणसावर आज आवाज चढला, त्याच्याशी उद्या सकाळी पहिला शब्द आपणच बोलायचा. ताई, सुनेला फोन लावा. मशीनची जाळी कुठं असते एवढंच विचारा, तीच दाखवेल.

सद्गुरू सर्वांना सुबुद्धी देवोत.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏
— एक सेवेकरी ताई, खटकचिंचोळी