शिकाऱ्याने किती पाहावे?

अलास्कात डॉल जातीच्या रानमेंढ्यांच्या शिकारीचा हंगाम १० ऑगस्टला सुरू होतो. समजा, ९ तारखेच्या संध्याकाळी एका शिकाऱ्याने आपल्या छोट्या विमानातून ब्रुक्स पर्वतरांगेतली एखादी दरी पालथी घातली, धारेखालच्या घसाऱ्यावर बसलेले चार-पाच नर हेरले आणि जागा मनाशी पक्की केली. तो कायदा पाळणारा नागरिक ठरतो. हेच त्याने दुसऱ्या दिवशी केले तर तो गुन्हेगार. मेंढे तेच, दरी तीच, पाहणारे डोळेही तेच. मग एका रात्रीत असे काय बदलले?

कायद्याच्या पुस्तकात याचे उत्तर एका ओळीत मिळते. नीतीच्या प्रांतात मात्र ते इतक्या सहज हाती लागत नाही. तिथे मूळ प्रश्न वेगळाच आहे: ज्याला मारायचे त्याच्याबद्दल मारणाऱ्याला आधी किती ठाऊक असावे?

अलास्का हे राज्य महाराष्ट्राच्या साडेपाचपटींहून मोठे आणि तिथल्या बहुतेक वस्त्यांपर्यंत रस्ताच जात नाही. दवाखाना, टपाल, किराणा, सगळ्यालाच विमान लागते. १९४९ साली आलेले पायपर कंपनीचे सुपर कब आणि त्याला लावलेले मोठाले मऊ टायर यांच्या जोरावर तिथले वैमानिक नदीकाठच्या गोट्यांवरही उतरू लागले. पुढे १९८४ साली आयडाहो राज्यात ‘किटफॉक्स’ हे स्वतः जोडायचे विमान आले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, दोन आसने, पुढे छोटे इंजिन. वेग ताशी पासष्ट किलोमीटरच्या आसपास आला तरी ते हवेत तग धरते. त्याची खरी गंमत पंखांत आहे. पंखाच्या पुढच्या तुळईची खीळ काढली की अख्खा पंख मागच्या बिजागरीवर फिरतो आणि शेपटीला समांतर जाऊन बसतो. सुमारे दहा मीटर रुंदीचे विमान अडीच मीटरच्या आसपास येते. ते ट्रेलरवर चढवायचे, गाडीमागे ओढत घरी न्यायचे आणि गॅरेजमध्ये ठेवायचे. विमानतळावर हँगरचे भाडे भरायला नको.

पंख दुमडता आल्याने विमान घरगुती झाले, आणि त्याचा नीतीशी थेट संबंध आहे. हौसेने स्वतः बांधलेल्या विमानातून पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. त्यामुळे वैमानिक आणि शिकारी एकच. भाड्याचे विमान असते तेव्हा निदान एक तिऱ्हाईत बरोबर असतो. कुठे वळलो, कितीदा घिरट्या घातल्या हे त्याला ठाऊक असते आणि त्याचा परवानाही पणाला लागलेला असतो. इथे तसे कोणीच नाही. वन्यजीवशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या १९४९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात शिकारीचे हेच वैशिष्ट्य नोंदवले आहे. शिकाऱ्याला टाळ्या वाजवायला किंवा हुर्यो करायला प्रेक्षक नसतात, त्यामुळे त्याच्या वागण्याला त्याची सदसद्विवेकबुद्धी तेवढी आवर घालते. दुमडत्या पंखांच्या विमानाने ही प्रेक्षकहीन जागा आणखी मोठी केली.

शिकारीला नियम असावेत हा विचार अमेरिकेत जुना आहे. १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन झाला आणि या क्लबाने ‘फेअर चेस’, म्हणजे रास्त पाठलाग, ही कल्पना रुजवली. मोकळ्या रानातले जनावर असावे, आणि शिकाऱ्याने त्याच्यावर गैरवाजवी वरचढपणा घेऊ नये, असा तिचा गाभा. रूझवेल्ट यांची १९०२ सालची मिसिसिपीतली अस्वलाची गोष्ट जगभर पसरली ती त्यातूनच. होल्ट कॉलियर या निष्णात वाटाड्याने अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवले आणि राष्ट्राध्यक्षांना गोळी झाडायला बोलावले. त्यांनी नकार दिला. व्यंगचित्र छापून आले आणि त्यातून ‘टेडी बेअर’ जन्माला आले. गोष्टीचा शेवट मात्र सहसा कोणी सांगत नाही. जखमी अस्वलाचे हाल थांबवा, असे रूझवेल्ट यांनी सांगितले आणि ते सुरीने मारले गेले. अस्वलाला दोन्हीकडून मरणच. नकाराने वाचली ती रूझवेल्ट यांची स्वतःच्या नजरेतली पत.

म्हणजे रास्त पाठलागाचा नियम जनावरासाठी आहे की शिकाऱ्यासाठी?

स्पॅनिश तत्त्ववेत्ते होझे ऑर्तेगा ई गॅसेट यांनी १९४२ साली एका शिकारविषयक पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. ती इतकी गाजली की पुढे स्वतंत्र ग्रंथ म्हणून वाचली जाऊ लागली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: माणसाची बुद्धी आणि अवजारे पुरी वापरली तर कोणतेही जनावर टिकणार नाही, मग ती शिकार राहत नाही, तो संहार होतो. म्हणून शिकारी आपले सामर्थ्य जाणूनबुजून आवरतो. सावज निसटण्याची शक्यता तो स्वतःच राखून ठेवतो, आणि ती शक्यता हाच शिकारीचा प्राण.

डॉल मेंढ्याच्या बाबतीत ही शक्यता कशी संपते ते जवळून पाहण्याजोगे आहे. हा प्राणी पांढराशुभ्र. ऑगस्टमध्ये उतारांवरचे बर्फ गेलेले असते, तेव्हा करड्या घसाऱ्यावर तो ठिपक्यासारखा उठून दिसतो. पायी जाणाऱ्याला मात्र तो ठिपका दिसण्याआधी नदी ओलांडावी लागते, वाऱ्याची दिशा सांभाळावी लागते, आणि एका धारेवर चढून पलीकडे काहीच नाही हे पाहून पुन्हा खाली उतरावे लागते. मेंढ्याची सारी राखण नजरेवर. तो उंचावर बसतो, खालचा उतार न्याहाळतो आणि लांडग्याला चढता येणार नाही अशा कड्यापासून फार दूर जात नाही. विमानापुढे हे सगळे शहाणपण उलटते. कड्याजवळ राहण्याची सवयच वैमानिकाला सांगते की कुठे पाहायचे. दरीत शिरताना तो एका कुशीला चिकटून उडतो, म्हणजे वळायला जागा राहते. पहिल्या फेरीत ठिपके मोजून होतात. ते नर आहेत का, हे पाहायला दुसरी फेरी, आणि शिंगांसाठी तिसरी.

शिंगांचा प्रश्न तर फारच नाजूक आहे. सर्वसाधारण नियमाने शिंगाचे वेटोळे पूर्ण झालेला, दोन्ही शिंगांची टोके तुटलेला किंवा आठ वर्षांचा नरच मारता येतो. शिंगावरची वर्षांची वळी मोजायला जमिनीवर दुर्बीण लावून तासन्‌तास बसावे लागते. धावत्या विमानातून ती मोजता येत नाहीत, म्हणून मोह होतो आणखी जवळ जाण्याचा. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात डॉल मेंढ्यांचा अभ्यास झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. विमान जितके थेट अंगावर येते तितकी कळप चरणे-बसणे सोडून पळण्याची शक्यता वाढते, असे त्यात दिसले. हिवाळ्याआधी चरबी साठवायच्या दिवसांत हे धावणे मेंढ्यांना परवडणारे नाही.

विमानाच्या बाजूने बोलणारे यावर म्हणतात, की शिकारीही जिवावर उदार होऊन उडतो. हे खोटे नाही. अलास्कात ‘मूस स्टॉल’ नावाचा अपघात सगळ्या वैमानिकांना ठाऊक आहे. खाली मूस, म्हणजे तिथले थोराड हरीण, दिसतो, वैमानिक त्याच्याभोवती हळू आणि तिरक्या घिरट्या घालतो, डोळे जमिनीवर खिळलेले. विमान साठ अंशांत कलते ठेवून उंची राखायची तर तग धरण्याचा किमान वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. तो सांभाळला नाही तर पंख उचल सोडतात, आणि एवढ्या कमी उंचीवर सावरायला अवकाश नसतो. पण या धोक्याने पाठलाग रास्त होतो का? शिकाऱ्याने पत्करलेली जोखीम मेंढ्याच्या पदरात काहीच टाकत नाही. शिकारीसाठी ड्रोन वापरायला अलास्काने २०१४ साली बंदी घातली तेव्हा ती बहुतेकांना पटली, कारण ड्रोन उडवणारा खुर्चीत बसलेला असतो. मेंढ्याच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही.

आता अवघड बाजू. समजा, वैमानिक इतक्या उंचावरून गेला की एकाही मेंढ्याने मान वर केली नाही. कोणाला त्रास नाही, कोणी पळाले नाही. मग दोष कसला?

आपल्याकडे हा वाद वाल्मीकी रामायणाने मांडून ठेवला आहे. दुसऱ्याशी लढण्यात गुंतलो असताना आपल्यावर बाण टाकला, असा आक्षेप मरणारा वाली घेतो. रामाच्या उत्तरातला एक मुद्दा शिकारीचाच आहे: माणसे जाळी, फास, खोडे लावून, कधी लपून तर कधी उघड, धावत्या वा बेसावध पशूंना मारतात आणि त्यात दोष मानत नाहीत. या न्यायाने पशूशी रास्तपणे वागण्याचे बंधनच नाही. उंचावरून टाकलेल्या नजरेला आक्षेप घेण्याचा प्रश्नच मिटतो. महाभारतात पांडूची कथा वेगळे वळण घेते. मृगरूपात रममाण असलेल्या किंदम ऋषींना पांडू बाण मारतो. ऋषी त्याला सांगतात, मृग मारलास म्हणून दोष देत नाही. त्या क्षणी थांबला नाहीस हा तुझा अपराध. शिकार मान्य, पण तिच्यातही एक वेळ अशी असते की हात आवरला पाहिजे. अलास्काचा १० ऑगस्टचा नियम या दुसऱ्या विचाराच्या जवळचा.

तिसरा विचार अलास्काच्याच मातीतला. युकॉन आणि कोयुकुक नद्यांच्या काठच्या कोयुकॉन लोकांमध्ये राहून मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड नेल्सन यांनी ‘मेक प्रेयर्स टू द रेव्हन’ हे पुस्तक १९८३ साली लिहिले. या लोकांच्या धारणेत जनावराला आत्मा असतो आणि मान न राखणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही. अस्वलाच्या शिकारीला निघताना तसे उघड बोलत नाहीत, बढाई मारत नाहीत. मेलेल्या जनावराचे मांस, हाडे कशी हाताळायची याचेही दंडक आहेत. तिथे बंदूक वर्ज्य नाही, बर्फावरची मोटारस्लेजही वर्ज्य नाही. पाठलाग लांबवला तर पुण्य वाढते, असे तर मुळीच नाही. घरात मांस हवे असताना सावजाला निसटण्याची संधी देणे हा भरल्या पोटाचा खेळ वाटला, तर त्यांना चूक कसे म्हणायचे?

इथे गाठ सुटू लागते. मारण्याला प्रत्येकजण काही ना काही समर्थन देतो, आणि नियम त्या समर्थनाला लागू पडायला हवा. पोटासाठी मारणाऱ्याचे समर्थन भूक आहे. शोध सोपा झाला म्हणून ती खोटी होत नाही. अमेरिकेच्या १९८० सालच्या कायद्याने अलास्कातल्या ग्रामीण रहिवाशांना संघराज्याच्या जमिनींवर निर्वाहासाठीच्या शिकारीत अग्रक्रम दिला, तो योग्यच. शिंगांसाठी जाणाऱ्याची गोष्ट निराळी. आपण मारण्यासाठी जात नाही, चढण्यासाठी, शोधण्यासाठी, रानाशी झुंजण्यासाठी जातो, असे तोच सांगतो. त्याचा शोध आदल्या संध्याकाळी तासाभरात आभाळातून उरकला असेल, तर त्याच्याकडे उरते ते फक्त मारणे. उंचावरून गेलेल्या त्या निरुपद्रवी विमानातला दोष हाच.

कायदा हळूहळू इथवर येतो आहे. विमानातून गोळ्या झाडण्यावर आणि जनावरांना पळवण्यावर अमेरिकेत १९७१ साली बंदी आली. ध्रुवीय अस्वलांची बर्फावरची शिकार तोवर विमानांच्या जोड्या करून चालत असे. १९७३ सालच्या आंतरराष्ट्रीय कराराने तिच्यातून विमान हद्दपार केले. भारतातही १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, परवान्याने शिकार चालू होती तेव्हा, मोटारीतून किंवा विमानातून शिकार करायला मनाई होती. अलास्कातला सर्वसाधारण नियम असा, की विमानातून उडालेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत मोठ्या जनावराची शिकार करू नये. पण पहाटे तीन वाजता डोक्यातला नकाशा पुसला जात नाही. २०१५ साली शिकारीचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या गेम बोर्डाने मेंढ्यांसाठी एक पाऊल पुढे टाकले. १० ऑगस्ट ते २० सप्टेंबर या काळात विमानाने माणसे, सामान आणि मारलेल्या मेंढ्याचे मांस न्यावे. मेंढे हेरू नयेत.

वाहून नेणे आणि हेरणे यांत रेघ ओढणारा हा नियम बरोबर आहे, फक्त तो उशिरा सुरू होतो. हौशी शिकाऱ्याला तो हंगामाच्या आधीचे काही आठवडेही लागू व्हायला हवा, आणि मेंढ्यांइतकाच मूस-कॅरिबूंनाही. आज मात्र ९ ऑगस्टला मेंढे हेरायला मुभा आहे, आणि मूस हेरणाऱ्याला एक रात्र थांबले की पुरते.