गोटमार कोण थांबवणार?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात. त्याला झेंडा बांधतात, पूजा करतात, आणि मग एका काठावरून पांढुर्णा व दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगड फेकू लागतात. हीच गोटमार. पांढुर्ण्याची पोरे कुऱ्हाड घेऊन पाण्यात शिरतात. झाड तोडून झेंडा आणायचा असतो. समोरून गोट्यांचा मारा चालूच असतो. एखाद्याच्या कपाळावर गोटा बसला की तो हात लावतो, हात लाल होतो, दोघे-चौघे त्याला उचलून काठावरच्या दवाखान्याच्या तंबूत नेतात, आणि त्याच्या जागी दुसरा उतरतो. झेंडा चंडीमातेच्या देवळात पोचला की दगड थांबतात. तोवर शेकडो माणसे जखमी झालेली असतात. काही वर्षी पोरे जिवानिशी गेली आहेत.

या प्रथेमागची कथा आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून निघाली. नदीच्या मध्यावर असताना सावरगावने दगड मारले, पांढुर्ण्याने मुलाला वाचवायला उलटे दगड मारले, आणि दोन्हीकडच्या माऱ्यात ती दोघे पाण्यातच मेली. कथा घडली की नाही, हा वाद मी घालत नाही. ती खरी धरूनच विचारतो: आज पात्रात त्या दोघांच्या बाजूने कोण उभे आहे? दरवर्षी आपण वारसा चालवतो तो दगड मारणाऱ्यांचा. ज्यांनी स्वतःच्या मनाने जोडीदार निवडला, त्यांच्या बाजूने एकही हात वर होत नाही.

काठावर बहुमत दगडांचे आहे, आणि लोकशाही म्हणजे बहुमताचे राज्य, असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे. बहुमताने सरकार निवडायचे, पण एकट्या-दुकट्या माणसाच्या काही गोष्टींना बहुमतानेही हात लावायचा नाही, हे लिहून ठेवणे म्हणजे संविधान. अमेरिकेने 1787 मध्ये आपली राज्यघटना लिहिली आणि 1791 मध्ये तिला पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या. त्यांत बोलण्याचे, धर्माचे, शांतपणे जमण्याचे आणि सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचे स्वातंत्र्य आले. ही बंधने आधी फक्त केंद्र सरकारवर होती. राज्यांनाही वेसण बसली ती 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीपासून, आणि तीही हळूहळू, एकेका खटल्याने.

त्यांतला एक खटला आपल्या नदीकाठी वाचून दाखवावा असा आहे. रिचर्ड लव्हिंग गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय. 1958 मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले आणि व्हर्जिनियातल्या आपल्या गावी परतले. तिथे असे लग्न गुन्हा होता. शेरीफ रात्री त्यांच्या निजायच्या खोलीत शिरला. कोर्टाने एक वर्षाची शिक्षा सुनावली आणि पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहाल तर ती स्थगित, असे सांगितले. मिल्ड्रेड कुणी पुढारी नव्हती. 1963 मध्ये तिने देशाचे अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना एक पत्र लिहिले. त्या पत्रातून वकील मिळाले, खटला उभा राहिला, आणि 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने असे सगळे कायदे रद्द ठरवले. त्या कायद्यांमागे राज्याचे बहुमत होते, रूढी होती, धर्माचे दाखलेही होते. दोन माणसांच्या हक्कापुढे त्यातले काहीच टिकले नाही.

रूढी हक्कापुढे टिकत नाही, हे आपल्या संविधानाला शोधून काढावे लागत नाही. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा रद्द, असे सांगणाऱ्या अनुच्छेद 13 मध्ये कायद्याच्या व्याख्येतच रूढीचे नाव घातलेले आहे. अनुच्छेद 25 धर्मस्वातंत्र्य देतो, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. अनुच्छेद 21 जीविताचे रक्षण करतो. जोडीदार निवडण्याचा सज्ञान माणसाचा हक्क त्याच अनुच्छेदात बसतो, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये, स्वतःच्या मनाने लग्न केलेल्या हादियाच्या खटल्यात म्हटले. म्हणजे त्या कथेतली मुलगी आज असती तर संविधान तिच्या बाजूने नदीत उतरले असते.

यावर नेहमीचे उत्तर येते: खेळणारा आपल्या खुशीने खेळतो, तुमचे काय जाते? खुशीलाही कायद्यात हद्द आहे. 1860 च्या दंडसंहितेपासून आजच्या न्याय संहितेपर्यंत एक नियम कायम आहे: ज्या कृत्याने मरण किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला ठाऊक असते, त्याला समोरच्याची संमती वाचवू शकत नाही. आणि अठरा वर्षांखालच्या पोराची तर असली संमतीच धरत नाहीत. शिवाय घरी बसलेल्या आईची, बायकोची संमती कुणी घेतली होती?

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट असते: सरकार बंद का करत नाही? सरकारने जमावबंदी लावून पाहिली, गोफणींवर बंदी घातली, पोलीस उभे केले. एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले. लोकांनी पुन्हा दगडच उचलले. प्रशासनाला मी सोडत नाही. माणसाचा जीव वाचवणे हे त्याचे काम आहे, आणि जखमींसाठी तंबू उभारला म्हणजे ते काम संपत नाही. पण लोकांच्या मनात नसेल तर राज्यघटनेचे कलमसुद्धा लंगडे पडते. अमेरिकेने 1919 मध्ये घटना दुरुस्त करून दारूबंदी आणली. लोक चोरून पीत राहिले, गुंडांच्या टोळ्या गबर झाल्या, आणि 1933 मध्ये ती दुरुस्ती दुसऱ्या दुरुस्तीने मागे घ्यावी लागली. दोन्ही देशांच्या संविधानांची सुरुवात ‘आम्ही लोक’ या अर्थाच्या शब्दांनी होते. पांढुर्णा आणि सावरगाव त्या ‘आम्ही’तच येतात.

आणि बघेही येतात. सौंसर, काटोल, नरखेड, वरूडकडची माणसे हे पाहायला गर्दी करतात. दगड न उचलणाऱ्याचे हात कोरे राहतात, असे मी मानत नाही. गर्दी आहे म्हणूनच काठावरच्या पोराला माघार घेण्याची लाज वाटते. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, कलेक्टर गावातच बसू लागले. आता सौंसरच्या माणसालाही हा पांढुर्ण्याचा प्रश्न आहे असे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

परंपरा मोडा, असे मी म्हणत नाही. चंडीमातेची पूजा राहू द्या, पळस राहू द्या, झेंडा राहू द्या, जत्रा राहू द्या. त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी मारबत, त्यांच्याबरोबर बडगे; महागाईवर, पुढाऱ्यांवर, सरकारवर जे बोलायचे ते लोक भर रस्त्यात पुतळ्यांच्या तोंडून बोलतात आणि शेवटी पुतळे जाळतात. तीच तिथी, तशीच वऱ्हाडी बोलणारी माणसे, तसाच जोर. राग तिथेही निघतो, पण कुणाचे डोके फुटत नाही. जाम नदीच्या दोन्ही काठांनी मिळून झेंडा उचलला आणि त्या दोघांच्या नावाने देवळात नेला, तर चंडीमाता रागावेल असे कोणत्या भक्ताला वाटते?

हे ठरवायला भोपाळच्या सरकारचा हुकूम लागत नाही. पोळ्याच्या महिनाभर आधी दोन्ही काठांच्या बायांची सभा बोलवा. ज्या घरातले पोर या नदीत गेले, त्या घरातल्या बाईला अध्यक्षपद द्या आणि ठराव तिलाच मांडू द्या. दोन्हीकडच्या मंडळांनी, शिक्षकांनी, वकिलांनी, पुजाऱ्यांनी त्यावर सह्या कराव्यात. अठरा वर्षांखालचे एकही पोर पात्रात उतरणार नाही, हे कलम या वर्षापासून लागू धरावे. दगड पूर्ण बंद करण्याचे साल सभेने तिथेच ठरवावे. मग ठरावाची एक प्रत नगरपालिकेला आणि एक कलेक्टर कचेरीत द्यावी, आणि दोन्ही ठिकाणची पोच घ्यावी.