स्नायू नसलेल्या जागी स्नायूची गाठ

पित्तनलिकेत हातापायांच्या स्नायूचा एक धागाही नसतो. तरी लहान मुलांच्या पित्तनलिकेत क्वचित ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा उद्भवतो. हा ऐच्छिक स्नायूच्या जातीचा कर्करोग. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या काही पेशींत दंडाच्या स्नायूत असतात तसे आडवे पट्टेही दिसू शकतात. जिथे असा स्नायूच नाही, तिथे त्याची गाठ येते कुठून?

सकाळी अंथरुणात आळस देताना आपला जो स्नायूतंतू ताणला जातो, तो अनेक पेशी एकजीव होऊन बनलेला असतो. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या तंतूला अगदी चिकटून, त्याच्याच वेष्टनाखाली पडून राहिलेल्या चिमुकल्या पेशी दिसल्या. तंतूला इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागतात आणि मायोडी, मायोजेनिन या प्रथिनांच्या हुकमाने स्नायू होतात. एकदा तंतूत मिसळली की पेशी विभागायची थांबते. मला या साऱ्या व्यवहारात हे थांबणेच सर्वांत मोलाचे वाटते.

गाठीतल्या पेशींतही हीच प्रथिने असतात. केंद्रकातले मायोजेनिन पाहूनच पॅथॉलॉजिस्ट हा रोग ओळखतात. पण ती पेशी स्नायू व्हायला निघते आणि पोचतच नाही. अर्ध्या वाटेवर विभागत राहते.

हेजहॉग हा संदेशमार्ग त्याचे एक कारण. न्युस्लाइन-फोलहार्ड आणि विशाउस यांच्या फळमाशीवरच्या १९८० च्या कामातून तो पुढे आला. गर्भ घडताना तो पेशींना वाढायला सांगतो आणि पॅच्ड हे प्रथिन त्याला आवर घालते. पॅच्डच्या जनुकाची एक प्रत निकामी असलेल्या काही उंदरांना हीच गाठ होते, हे १९९८ मध्ये दिसले. २०१८ मधला प्रयोग तर चकित करणारा आहे. रक्तवाहिन्यांचे अस्तर ज्यांतून घडते, त्या पूर्वज पेशींत हा मार्ग सतत चालू ठेवला, तेव्हा उंदरांच्या मानेत-डोक्यात ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाच उगवला. रक्तवाहिनी व्हायची ती पेशी स्नायूच्या वाटेला लागली होती. माणसातही असेच घडत असेल, तर पित्तनलिकेचे कोडे उलगडते.

काही गाठींच्या पेशींत मेक हे प्रथिन औषधाने अडवले, की प्रयोगशाळेत त्या स्नायूसारख्या परिपक्व होऊ लागतात. पेशीला मारण्यापेक्षा तिचे अर्धवट काम पुरे करून घेण्याची ही दिशा मला मनापासून पटते, कारण केमोथेरपी आणि किरणोपचार वाढत्या अंगाला फार सोसावे लागतात.

आज मात्र शस्त्रक्रियेसह तेच उपचार हाताशी आहेत, आणि रोग पसरण्याआधी सापडला तर बहुतेक मुले त्यांतून बरी होतात. म्हणून मुलाच्या अंगावरची गाठ दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका, तेल लावून चोळू नका. गाठ वाढत असेल, एक डोळा पुढे आलेला दिसला किंवा लघवीतून रक्त गेले, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.